वरवंटा आणि गिलावा

हळू बोला जरा. म्हणजे तुम्ही काही बोलतच नाही आहात, बोलतोय तो मीच — पण मी हळू बोलतोय हे लक्षात घेऊन मानही जरा हळूच हलवा. आत बायको आहे. झोपलेली नाही, लवंडलीय. दोन्हींत फरक आहे, झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही. तर तुमची कंपनी म्हणते, खेळातली दुरुस्ती महाग करायची. एक भिंत दोन-तीनदा सांधली की पुढे ती आपोआप ठिसूळ होत जाणार, मग कितीही दगड लावा, बसणारच — असंच ना? आणि त्यावर माझं मत घ्यायला तुम्ही एवढे जिने चढून आलात. मत देतो की. कचेरीत जन्म गेला, तिथे कारकुनाने 'सादर' एवढंच लिहायचं असतं, त्यामुळे मतांचा साठा भरपूर शिल्लक आहे. पण आधी एक सांगा — दार तिने उघडलं ना तुम्हाला? कोण म्हणून सांगितलंत? थांबा, मीच सांगतो. 'यांच्याकडे जरा काम आहे' म्हणाल्या असाल. माझ्याकडे कुणाचं काम असू शकतं यावर तिचा विश्वास बसला नसेल, पण तो तुमचा दोष नाही. चहा घ्या. गार झाला असेल तर तसाच घ्या, गरम करायला आत जावं लागेल.

हं, तर खेळ. तुमचाच खेळ तुम्हाला सांगतोय, चुकलं तर हात वर करा. दोन पक्ष, समोरासमोर दोन किल्ले, प्रत्येक किल्ल्याला भिंत, आणि भिंतीच्या आत एक झेंडा. रोज संध्याकाळी शिंग वाजलं की सुरू, दोन तासांनी पुन्हा वाजलं की बंद. मधल्या वेळात एकमेकांच्या भिंती पाडायच्या. भिंत ज्या अवस्थेत राहील त्या अवस्थेत दुसऱ्या दिवशी मिळणार, हे मला फार आवडलं, हे अगदी कचेरीसारखं आहे. ज्यांचा झेंडा उपटला ते हरले. आणि मग डाव मोडतो, सगळ्या खेळाडूंची पत्त्यांसारखी पिसणी होते — कोण कुणाच्या पक्षात, कोण कुणाच्या समोर, काही सांगता येत नाही. हजारो माणसं खेळतात म्हणता, म्हणजे तेच माणूस परत समोर येणं म्हणजे बाजारात पडलेली टाचणी दुसऱ्या दिवशी सापडण्यासारखं. हे जरा ध्यानात ठेवा, माझं सगळं त्याच्यावर उभं आहे. राहिला दगड. खाणीतून रोज मिळणारा दगड ठरलेला. तो नव्या भिंतीला घालायचा की जुनीच्या भेगेत — भांडण एवढंच. जगातली बरीचशी भांडणं एवढीच असतात.

आणि माणसाचा स्वभाव असा, की दगड हातात आला की त्याला काहीतरी नवीन बांधायचं असतं. का नाही बांधणार? नव्या भिंतीवर बांधणाऱ्याचं नाव येतं — तुम्हीच तशी सोय केलीय, सोनेरी अक्षरांत. भेग बुजवणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. नीट बुजवली असेल तर भेगच दिसत नाही, म्हणजे केलेल्या कामाचा पुरावाच नष्ट. मी नोकरी केली ती देखभाल-दुरुस्तीच्या शाखेत, शेजारची शाखा नव्या बांधकामांची. त्यांच्याकडे फिती, कात्र्या, हार, फोटोवाले, आमच्याकडे बादल्या. दुरुस्त झालेल्या गटाराचं उद्घाटन तुम्ही कधी पाहिलंय? मी एकदा सुचवलं होतं. माझी बदली झाली — लांब नाही, जिन्याखालच्या टेबलावर. आणि आता तुमच्या खेळात आमच्या पक्षाचा सरदार कोण, तर दातांचा डॉक्टर. प्रत्यक्ष पाहिलेला नाही, खेळताना कानात आवाज येतो तेवढाच. संध्याकाळी पेशंट घेत नाही म्हणे, किल्ले घेतो. दातवाल्या माणसाचा दृष्टिकोन काय असणार? कुठे जरा भेग दिसली की म्हणतो, काढून टाका, नवीन बसवू. एकदा सगळा दगड घालून त्याने पुढच्या बाजूला ओळीने बुरूज उभे केले, पांढरेशुभ्र, सगळ्यांवर त्याचं नाव. आणि मागे जुन्या भिंतीला एवढं खिंडार. मी म्हटलं, डॉक्टर, कवळी सुंदर आहे, पण हिरडी गेली. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. खेळात माझं नाव गिलावा. बाकीची मंडळी गिलावाकाका म्हणतात, काका कशावरून म्हणतात कोण जाणे, आवाज तर मी कधीच देत नाही.

तरी कंपनीचं म्हणणं मला पटतं, हे आधीच सांगून टाकतो. दुरुस्ती स्वस्त असली की डाव संपत नाही. आमचा डाव सुरू झाला तेव्हा त्या समोरच्या इमारतीचा पाया खणत होते, आता बघा, लोक पडदे लावतायत. नवी पोरं येतात, कंटाळतात, जातात. डॉक्टर म्हणतो, हा खेळ आहे की जमिनीचा दावा. बरोबरच आहे त्याचं. त्यांच्याकडचं एक माणूस रोज पाडतंय, आमच्याकडचं एक माणूस रोज बांधतंय, आणि बाकीचे सगळे मध्ये हिंडतायत, वरातीत हिंडतात तसे. त्यांच्याकडचं ते पाडणारं माणूस म्हणजे वरवंटा. खेळातलं नाव हो. हातात घण, आणि रोज माझ्याच कोपऱ्यावर. माणूस म्हणजे — आता तेच सांगतोय. तुमच्याकडे पत्ते असणारच. दोन विरुद्ध पक्षांतली दोन खाती, आणि पत्ता एकच, हे दिसल्यावर तुम्ही आलात, मतबित नंतरचं. तोंड उघडू नका, मी सांगतो. वरवंटा आत लवंडलीय.

संगनमत नाही. हा शब्द तुमच्या मनात आहे तो काढून टाका, संगनमत व्हायला आधी बोलणं व्हावं लागतं. मला पत्ताच नव्हता. तिच्या फोनवर तिच्या भाचीने खेळ घालून दिला, माझ्या फोनवर माझ्या पुतण्याने, आणि आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. लपवालपवी म्हणून नव्हे — विषय निघाला नाही. मी इथे बाहेरच्या खोलीत बातम्या लावायच्या, आवाज बारीक करायचा आणि खेळायचं, ती आत. मला वाटायचं ती आत वाचत असेल. तिला वाटायचं मला जगाची काळजी आहे. एका संध्याकाळी वारा सुटला, खिडकी आपटायला लागली, म्हणून आत गेलो. ती पाठमोरी बसलेली. तिच्या खांद्यावरून फोन दिसला, आणि फोनमध्ये माझी भिंत. मी ती बाहेरच्या बाजूने कधी पाहिलीच नव्हती. बरी दिसते. जिथे मी आदल्या दिवशी भेग बुजवली होती, नेमकी तिथेच ही घण घालतेय — आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणतेय. आमच्या घरात गुणगुणणं बरीच वर्षं बंद होतं, मला आधी वाटलं फ्रीज आहे. मी खिडकी लावली, बाहेर आलो, आणि ती भेग परत बुजवली. काय करणार? शिंग वाजायला अजून अवकाश होता.

तुम्हाला वाटेल आमचं भांडण असेल. छे. भांडायला विषय लागतो. मुलगी लग्न होऊन लांब गेली, मी निवृत्त झालो, घरातली सगळी कामं नीट लागली, आणि आमचं बोलणं पोस्टाच्या तारेसारखं झालं. कुलूप लावलं? लावलं. गोळी घेतली? घेतली. सुरुवातीला मी तिच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले, नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या, तेव्हा चार दिवस जरा बोलणं झालं, पण ते लिहून घेण्यासारखं नव्हतं. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, तिकडे एक माणूस आहे. माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने ताटावर बसून 'एक माणूस आहे' म्हणावं — तुम्ही म्हणाल संशयी, पण जरा कल्पना करा. म्हणाली, गिलावा नाव आहे त्याचं, नुसती गोचीड आहे मेली, मी पाडून वळत नाही तोवर हा हजर. मी विचारलं, पाडून म्हणजे? कसली भिंत? चांगलं विचारलं मी. निवृत्त माणसाला अडाणीपणा शोभतो, कुणी शंका घेत नाही. मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, हातवारे करून, उठून भिंतीपाशी जाऊन दाखवलं घण कसा घालतात ते. जेवण गार झालं. दोघांनी गारच खाल्लं.

तेव्हापासून तो माणूस रोज आमच्यात जेवायला असतो. तो कसा चिवट, तो कसा कधी समोर येऊन लढत नाही, आतल्या अंगाने लपून काम करतो. एकदा तिने विचारलं, याला बायको असेल का हो? मी म्हटलं, नसावी. ती म्हणाली, असेल, आणि विटली असेल. मी पाणी प्यालो. आणि मग एकदा, ताटं उचलता उचलता — म्हणाली, पण काम मनापासून करतो हो, असं मनापासून काही करणारं माणूस हल्ली बघायला मिळत नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाली. खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग आला. नंतर लक्षात आलं तो कोण ते, तर राग आणखी वाढला — राबतोय मी, आणि वाहवा त्याची. एकदा मी नवरा या नात्याने सल्लाही दिला. म्हटलं, एवढी लांबलचक भिंत आहे, तू दुसरीकडे का नाही मारत, त्याला तिथवर पोचायला वेळ लागेल, तेवढ्यात काम होईल. तर म्हणाली, 'दुसरीकडे तो नसतो.' आता युद्धशास्त्राच्या दृष्टीने हे साफ चूक आहे. मी तसं सांगितलंही तिला.

आणि ती तक्रार. आहे माझ्या लक्षात, मी काही विसरलेलो नाही, तुम्ही बॅगेकडे बघू नका. चित्रण दाखवायची गरज नाही, आवाज होईल. डॉक्टरने तक्रार केली ती अक्षर न् अक्षर खरी आहे. त्या दिवशी त्याने सगळा दगड तोफांना घातला, एकच मारा केला, आणि त्यांच्या भिंतीला हे एवढं खिंडार पाडलं, दोन बैल जोडीने जातील असं. डॉक्टर कानात ओरडला, सगळे इथे जमा, आत घुसायचं. सगळे धावले. मीही गेलो. आणि सगळे जमेपर्यंत मी तिथे पडलेलेच दगड उचलून ते खिंडार बुजवलं. त्यांचं. शत्रूचं. बाहेरच्या बाजूने बुजवायची सवय नाही, त्यामुळे काम जरा ओबडधोबड झालं, पण टिकलं. शत्रूची भिंत सांधता येते हे तुमच्या कंपनीलाही माहीत नव्हतं म्हणे? मनाई करायचं कुणाला सुचलंच नसणार. डॉक्टरला मी लिहून कळवलं, सवय हो, भेग दिसली की हात जातो. त्याने ते निम्मं मानलं, कारण समोरचं माणूस हसलं की हाही आधी दाढाच बघत असणार. पण निम्म्यासाठी तक्रार केली.

आता तुम्हाला खरं सांगतो, कारण तुम्ही काही पुन्हा येणार नाही. हात गेला नव्हता. मी गेलो होतो. खिंडारातून आत दिसत होतं — तिच्या पक्षातले सगळे पांगलेले, आणि झेंड्यापाशी ही एकटी, घण खांद्यावर टाकून उभी. झेंडा पडला असता तर आम्ही जिंकलो असतो. जिंकलो असतो म्हणजे काय झालं असतं? डाव मोडला असता, पिसणी झाली असती, ती गेली असती कुठल्या तरी किल्ल्यावर, मी कुठल्या तरी, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना — कुलूप लावलं? लावलं. म्हणून बुजवलं. तेव्हा माझं मत असं लिहा, की तुमचं गणित बरोबर आहे, दुरुस्ती स्वस्त असली की खेळ रेंगाळतो, आणि तरी ती महाग करू नये. कारण काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा, 'प्रशासकीय कारणास्तव' लिहा, ते कुठेही चालतं. नियम बदललात तर माझी भिंत आज ना उद्या बसेल. पण ते एक वेळ चालेल, भिंतीच त्या. दुसरं जे तुमच्या हातात आहे त्याची मला धास्ती आहे. जाता जाता तिला बोलून गेलात, की गिलावा म्हणजे बाहेरच्या खोलीतलं हे पात्र — तर सगळं आजच बसेल. तिला त्या माणसाशी लढायचंय हो. माझ्याशी लढायला ती फोन कशाला उघडेल?

काय? मघापासून तुम्ही काहीतरी — बरं, बोला. आता नाही अडवत.

कुणाशी बोललात? तिच्याशी. कधी? मी दूध आणायला खाली गेलो होतो तेव्हा. असं. तिचंही मत घेतलंत. घेणारच, तिचंही खातं आहे, तुमचं कामच आहे ते. आणि तिला विचारलंत, दोन्ही खात्यांचा पत्ता एकच कसा? आणि ती — हसली. हसली म्हणजे कशी? मोठ्याने. बरं. पुढे? नाही, सारांश नको, मी जन्मभर सारांश केलेत, त्यात माणूस निघून जातो. शब्द न् शब्द सांगा.

'पहिल्याच आठवड्यात ओळखलं.' हं. कशावरून? — शेवटच्या दगडावरून. हो, ते आहे खरं. भेग भरत आली की शेवटचा दगड मी राहू देतो, मागे सरकून एकदा नीट बघतो, मग लावतो. कधी कधी लावायचा राहतोही. बरं, मग? — 'कपात शेवटचा घोट ठेवून उठणारा माणूस मला ओळखायला यायचा नाही का? इतकी वर्षं ते कप मीच विसळतेय.' असं म्हणाली. हो, याही कपात आहे, दिसतोय मला, तुम्ही नका बघू.

थांबा जरा. म्हणजे ती गोचीड — ती मला. आणि तो लपून काम करतो, समोर येत नाही, ते मला. बायको विटली असेल, तेही माझ्याच तोंडावर, आणि मी पाणी पितोय. सगळं सरळ मलाच सांगत होती, आणि मी आपला मान डोलावून त्या माणसाच्या बाजूने — आणि ते जे म्हणाली, काम मनापासून करतो म्हणून, ताटं उचलताना — म्हणजे ते पण —

नाही, काही नाही. ठसका लागला. नियमाचं काय म्हणाली ती? दुरुस्ती आहे तशी राहू द्या. उलट पाडणं सोपं करा, घण जड द्या — 'म्हणजे काम पुरेल.' कुणाला पुरेल म्हणाली? 'त्याला' म्हणाली की 'ह्यांना'? नीट आठवून सांगा.

ह्यांना.

बरं. माझं मत तेच लिहा, तिचं जे आहे ते. मात्र दोन मतं एकाच पत्त्यावरची म्हणून एक धरू नका, ती वेगवेगळी आहेत. आणि आता तुम्ही निघा. नाही, राग कसला, पलंग वाजला आतला, उठली ती. दारापर्यंत येईल तुम्हाला पोचवायला, आणि विचारेल, हे काही बोलले का. म्हणा, फारसं नाही, भिंतींविषयी बोलले. आणि एवढं करा — तिला माहीत आहे हे मला कळलंय, हे मात्र तिच्या कानावर जाता कामा नये. का म्हणजे? मग उद्या जेवताना ती त्या माणसाला शिव्या कशा घालेल? माझ्या देखत? तिला संकोच वाटेल. मी तर म्हणतो, डॉक्टरला पण — जाऊ दे, चपला उजव्या हाताला आहेत, घाला, पट्टा जाताना लावा —

अं? काही नाही गं. मोजणीवाल्या बाई आहेत, घरात माणसं किती ते विचारत होत्या. निघाल्याच.